विश्लेषण : प्रोजेक्ट मेमध्ये संपतो, पेरणी जूनमध्ये सुरू होते… वऱ्हाडातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ‘डिझाइन’ शिकवायचे कसे?

नव्या आराखड्यात अभियांत्रिकी पदवीचे १८ श्रेयांक प्रत्यक्ष कामासाठी राखलेले आहेत. पण महाविद्यालयाचे सत्र आणि शेतीचा हंगाम यांची गाठच पडत नसेल, तर विद्यार्थ्यांनी बनवलेली वस्तू तपासायची कधी आणि कुठे?

अमरावती आणि अकोल्यात मार्च-एप्रिल हा प्रोजेक्टचा हंगाम असतो. फॅब्रिकेशनच्या दुकानांत अंतिम वर्षाच्या मुलामुलींची वर्दळ वाढते, बाइंडिंगवाल्याकडे काळ्या कव्हरच्या अहवालांचे गठ्ठे पडतात. सौर फवारणी यंत्र, बहुउद्देशीय शेती अवजार, मोबाइलवरून चालणारे ठिबक अशी नावे दरवर्षी फिरून येतात. यातले बरेच प्रकल्प चालतात. म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसमोर चालतात. त्यानंतर ते विभागातल्या एखाद्या जिन्याखाली धूळ खात पडतात. कास्तकाराच्या शेतात ते चालले असते का, हा प्रश्न कोणाच्याच गुणपत्रिकेत नसतो.

आता अशा कामाचे वजन वाढले आहे. त्यामुळे हा प्रश्न गुणपत्रिकेत येणार की नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

नेमका बदल काय झाला?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्य शासनाने अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा ४ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे ठरवून दिला. पदवीसाठी किमान १६० आणि कमाल १७६ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. त्यात समाजाशी जोडलेल्या किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला २, मुख्य प्रकल्पाला ४ आणि इंटर्नशिपला १२ श्रेयांक आहेत. एकूण १८. पदवीचा साधारण नववा हिस्सा झाला. आधी स्वायत्त आणि मग संलग्न महाविद्यालये, अशा टप्प्यांनी हा आराखडा लागू करण्याचे धोरण आहे.

यामागे आणखी एक कारण आहे. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. मानांकन मिळालेल्या आपल्या अभियांत्रिकी पदव्या इतर सदस्य देशांत समकक्ष मानल्या जाव्यात, हा त्याचा हेतू. त्यासाठी एनबीए मानांकन देताना ‘विद्यार्थ्याला काय येते’ हे तपासते आणि त्या यादीत प्रश्नावर उपाय ‘डिझाइन’ करण्याची क्षमता वरच्या क्रमांकावर आहे. मात्र तपासणीला येणारी समिती ही क्षमता बहुतांशी फाइलींमधून पाहते. मग महाविद्यालयेही आधी फायलीच चांगल्या तयार करतात. हे वऱ्हाडापुरते मर्यादित नाही.

वर्कशॉप असतेच, मग डिझाइन वेगळे काय?

पहिल्या वर्षी प्रत्येकाला वर्कशॉपमध्ये ‘जॉब’ करावा लागतो. लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, लाकडाचा सांधा करायचा. ड्रॉइंग हातात दिलेले असते आणि त्याबरहुकूम काम झाले की गुण मिळतात. हात बसण्यासाठी ते आवश्यकच आहे.

डिझाइनमध्ये ड्रॉइंग मिळत नाही. ‘तुरीचे टरफल निघत नाही’ किंवा ‘नळाला पाणी आठ दिवसांनी येते’ एवढीच तक्रार मिळते. तिचे मोजता येईल असे रूप करायचे, कोणासाठी आणि किती खर्चात हे ठरवायचे, काहीतरी बनवायचे, ते का फसले हे शोधायचे आणि पुन्हा बनवायचे. या यादीतले शेवटचे काम, म्हणजे पुन्हा बनवणे, आपल्या पदवीत जवळपास कुठेच येत नाही.

गावातला सुतार मात्र हे करत आला आहे. तिफण किंवा डवरा त्याने ज्या जमिनीसाठी आणि ज्या बैलजोडीसाठी बनवला, ती दोन्ही त्याच गावात असत. अवजार जड गेले की कास्तकार दुसऱ्या दिवशी दारात हजर. सुताराला दुसरी आवृत्ती करावीच लागे, कारण त्याला गाव सोडून जायचे नसे.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये घोळ कुठे होतो?

कॅलेंडरमध्ये. विद्यार्थी आळशी आहेत, तयार प्रोजेक्ट विकत आणतात, ही तक्रार नेहमीची आहे आणि खोटीही नाही. इंटरनेटवर अहवालासकट प्रोजेक्ट मिळतात, पैसे भरले की घरपोच येतात. पण हा बाजार ज्या फटीतून आत शिरतो, ती फट वेळापत्रकाने तयार केली आहे.

साधारण क्रम असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच जणांचे गट पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत विषय मंजूर होतो. मग दिवाळी आणि हिवाळी परीक्षा. खऱ्या अर्थाने काम जानेवारीत सुरू होते, सुटे भाग फेब्रुवारीत मागवले जातात, जोडणी मार्चमध्ये आणि तोंडी परीक्षा एप्रिल-मेमध्ये.

आता याच्या शेजारी वऱ्हाडाचा हंगाम मांडून पाहा. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून पुढे. तूर कापणीला डिसेंबर-जानेवारीत येते. पेरणी जूनमध्ये, मृगाचा पाऊस पडल्यावर. म्हणजे पेरणी यंत्र बनवणारा गट मेमध्ये पदवी घेऊन मोकळा होतो आणि त्याच्या यंत्राची पहिली खरी परीक्षा जूनमध्ये असते. सोयाबीन काढणीचे यंत्र मार्चमध्ये जोडून होते, तेव्हा शेतात सोयाबीनचे काडही नसते. कापूस वेचणीचे साधन करणाऱ्यांना सुकी पऱ्हाटी तेवढी पाहायला मिळते, तीही कुणी उपटली नसेल तर. परीक्षकांसमोर यंत्र रिकामे फिरवून दाखवण्यावाचून या मुलांपुढे दुसरा मार्ग राहत नाही.

थोडे अपवाद आहेत. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. वरुड-मोर्शी पट्ट्यात मृग बहाराची संत्री त्याच सुमारास तोडणीला येतात. संत्र्यांची प्रतवारी करणारे साधन बनवणाऱ्या गटाला फळेही मिळतात आणि फळांचा व्यापारीही. विषय निवडताना एवढे तरी पाहिले जावे.

कुंडीत चालणारा सेन्सर शेतात का फसतो?

दरवर्षी दिसणाऱ्या एका प्रोजेक्टचे उदाहरण घेऊ : मातीतला ओलावा ओळखून आपोआप सुरू-बंद होणारे ठिबक. एक छोटा नियंत्रक बोर्ड, दोन टोकांचा स्वस्तातला सेन्सर, एक रिले आणि पंप. सेन्सर कुंडीत खुपसला, माती कोरडी, पंप सुरू. पाणी ओतले, पंप बंद. परीक्षक मान डोलावतात.

हाच संच दर्यापूर किंवा अकोट भागातल्या शेतात नेला की गणित बिघडते. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथल्या भूजलात आणि बऱ्याच ठिकाणी मातीतही क्षार आहेत. स्वस्तातला सेन्सर ओलावा थेट मोजत नाही. तो दोन टोकांमधून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो. क्षार असले की वीज अधिक सहज वाहते. परिणामी माती कोरडी पडत आली तरी सेन्सर ‘ओली आहे’ म्हणतो आणि पंप बंदच राहतो. दुसरी अडचण काळ्या भुईची. ती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगा पडतात. सेन्सरच्या टोकाशेजारी भेग पडली तर मातीशी संपर्कच सुटतो, मग तो ‘एकदम कोरडी’ असे ओरडायला लागतो. तिसरी, क्षारांच्या पाण्यात धातूची टोके काही आठवड्यांत गंजतात.

यातली एकही गोष्ट पाठ्यपुस्तकाबाहेरची नाही. विद्युतवाहकता, चिकणमातीचे आकुंचन-प्रसरण, गंज हे सगळे पहिल्या दोन वर्षांत शिकवून झालेले असते. पण ते एकाच शेतात, एकाच दुपारी एकत्र भेटतात तेव्हा त्याला डिझाइनचा प्रश्न म्हणतात. जो गट सेन्सर दोन महिने खारपाणपट्ट्यातल्या शेतात ठेवून तो नेमका कसा फसला याची नोंद आणेल, त्याला कुंडीतला दिवा लावून दाखवणाऱ्या गटापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत. सध्याच्या पद्धतीत मिळतील का? एका दिवसात अनेक गटांची तोंडी परीक्षा घेणारा बाह्य परीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो ‘चालते का?’ हाच.

वऱ्हाडात याचे चांगले उदाहरण आहे का?

आहे, आणि अकोल्यातच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ विदर्भातल्या बचत गटांपासून छोट्या उद्योजकांपर्यंत अनेकांनी वापरली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे.

तुरीची डाळ करणे दिसते तेवढे सोपे नाही. तुरीचे टरफल आतल्या दलांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते. म्हणून आधी खरखरीत रोलरवर टरफलाला ओरखडे पाडायचे, मग तेल-पाणी चोळून ते आत मुरू द्यायचे, उन्हात वाळवायचे आणि पुन्हा रोलरमधून काढायचे. रोलर जास्त खरखरीत असला तर डाळ झिजते आणि चुरी वाढते, कमी असला तर टरफल तसेच राहते. रोलर आणि भोवतालच्या जाळीतले अंतर, दाण्याचा आकार, त्यातला ओलावा, यंत्राचा वेग या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय यंत्र गावातल्या शेडमध्ये मावले पाहिजे, वापरणाऱ्या बाईला स्वतः साफ करता आले पाहिजे, दुरुस्ती जवळच्या मिस्त्रीकडून झाली पाहिजे. निघालेली चुनी जनावरांना घालता येते, तेव्हा ती वेगळी पडली पाहिजे.

या अटींपैकी निम्म्या तरी कागदावर गणित मांडताना सुचत नाहीत. त्या यंत्रासमोर डाळ करणाऱ्या माणसाकडून कळतात. अकोला हे मोठमोठ्या दाल मिलांचे शहर आहे. मोठी मिल लहान करून असे यंत्र झाले असते तर ते करायला विद्यापीठ लागले नसते. कमी मालावर, कमी भांडवलात आणि वाळवायला फक्त ऊन असताना डाळीचा उतारा कसा टिकवायचा, हा प्रश्न वेगळा होता. तो सोडवायला विद्यापीठाकडे हंगामामागून हंगाम होते. अंतिम वर्षाच्या गटाकडे जानेवारी ते एप्रिल एवढेच असतात.

कृषीची मुले खरिपात गावात असतात, अभियांत्रिकीची का नाहीत?

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाला ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ माहीत आहेत. कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात सातव्या सत्रात, ऐन खरिपात गावात जातात. बीजप्रक्रिया, फवारणीतली काळजी, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके करतात. या प्रात्यक्षिकांच्या प्रेसनोट आणि फोटो आमच्या डेस्कवर हंगामभर येत असतात. त्यातले काही फोटोसाठीच झालेले असतात, हेही ओळखू येते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. कृषी शिक्षणाने आपले सत्र हंगामाला बांधले आहे.

अभियांत्रिकीत तसा प्रयत्न राज्याने केला नाही असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. आयआयटी मुंबईतील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करत आहे, ते यात मार्गदर्शक होते. जिल्ह्यातल्या पाणी, ऊर्जा, रस्ते अशा प्रश्नांवर जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांनी काम करावे, ही कल्पना. जलयुक्त शिवारच्या कामांचे मूल्यमापनही यातून झाले. पुढे पोकरा प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईने तयार केली, ती खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत पोहोचली. म्हणजे अभियांत्रिकीचे शिक्षक-विद्यार्थी गावात गेले तर काय होऊ शकते, याचा पुरावा आहे. कमी पडते ते सातत्य. उत्साही प्राध्यापक असेपर्यंत काम चालते. त्याच्यावर प्रवेश, परीक्षा, मानांकनाची जबाबदारी आली की थांबते.

बाहा, रोबोकॉनसारख्या स्पर्धांनी हे भागत नाही का?

काही अंशी भागते. भारतात २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई’ स्पर्धेत विद्यार्थी खडतर रस्त्यावर चालणारी एकआसनी गाडी बनवतात. इंदूरजवळच्या पिथमपूरला मैदानावर गाडी तासन् तास पळवली जाते आणि जिथे वेल्डिंग कच्चे असेल तिथे ती तुटते. पुढच्या वर्षी कनिष्ठ विद्यार्थी तीच चूक टाळून नवी गाडी करतात. पुन्हा बनवणे इथे आपोआप घडते. पण एका चमूत वीस-पंचवीस जण असतात आणि खर्च लाखांत जातो. बाकी वर्गाचे काय? शिवाय ज्यांना घरून पैसे आणता येत नाहीत, ती मुले अशा क्लबच्या दारातूनच परत फिरतात. जे शिक्षण सर्वांच्या पदवीत छापलेले आहे, ते क्लबच्या भरवशावर सोडता येत नाही.

मग सत्र आणि हंगाम जुळवायचे कसे?

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये ‘एपिक्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. स्थानिक संस्थांच्या अडचणींवर विद्यार्थ्यांचे गट काम करतात. त्यातली महत्त्वाची बाब अशी की एकाच गटात पहिल्या ते शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी असतात. वरचे पदवी घेऊन जातात, खालचे काम पुढे नेतात. प्रकल्प विद्यार्थ्यांच्या बॅचबरोबर संपत नाही.

हेच इथे बसवायला फार काही लागणार नाही. क्षेत्रीय प्रकल्पाचे २ श्रेयांक दुसऱ्या वर्षी, खरिपाच्या सत्रात घेतले तर विद्यार्थी पेरणी, डवरणी आणि काढणी स्वतः पाहतील, मोजतील. त्या वेळी त्यांनी काहीही बनवू नये. फक्त प्रश्न नीट लिहून आणावा. तिसऱ्या वर्षी पहिले यंत्र, अंतिम वर्षी दुसरे. जे गट नवा विषय घेणार नाहीत आणि वरिष्ठांचा अर्धवट प्रोजेक्ट उचलतील, त्यांना ‘कॉपी’ म्हणून झिडकारणे आधी बंद व्हायला हवे. आज विषय ‘नवीन’ असण्याचा आग्रह एवढा आहे की जिन्याखालचे यंत्र दुरुस्त करणाऱ्याला विषयच मंजूर होत नाही.

गुण देण्याची पद्धतही बदलावी लागेल. वापरणाऱ्याशी किती वेळा बोलणे झाले, चाचणीत काय मोडले, त्यानंतर ड्रॉइंगमध्ये कुठे बदल केला, याची तारीखवार वही असली तर विकतचा प्रोजेक्ट आपोआप उघडा पडतो. अहवाल विकत मिळतो. मोडलेल्या भागांचे वर्षभराचे फोटो सहसा मिळत नाहीत.

सगळे विषय शेतीचे असावेत असेही नाही. संगणक शाखेकडे ओढा वाढल्याने बहुतेक वर्ग आता सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. त्यांच्यासाठी अकोट-तेल्हारा भागाला वान धरणाचे पाणी देणाऱ्या ८४ खेडी योजनेसारखा दुसरा विषय शोधून सापडणार नाही. कोणत्या गावाला किती दिवसांनी, किती दाबाने पाणी येते, गळती कोणत्या व्हॉल्व्हपाशी होते, याची नोंद ठेवणारी साधी प्रणाली संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्थापत्य अशा तीन शाखांना एकत्र बसवते. आणि पाण्याची ओरड नेमकी मार्च ते मे या प्रोजेक्टच्याच महिन्यांत होते.

१२ श्रेयांकांची इंटर्नशिप कुठे करायची?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. बडनेरा, अकोला, शेगाव आणि पुसद येथील खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ मध्ये, म्हणजे अमरावती विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी सुरू झाली. त्याआधी १९६४ पासून अमरावतीत शासकीय महाविद्यालय होते. नंतर संख्या वाढत गेली, पण त्या प्रमाणात कारखाने वाढले नाहीत. अकोला एमआयडीसीतल्या दाल मिल, जिनिंग, तेल गिरण्या, अमरावतीजवळ नांदगाव पेठेतले कापड उद्योग एवढ्यांत सगळ्यांना सामावून घेणे शक्य नाही. मुले पुण्याला जातात. ज्यांना तिथला राहण्याचा खर्च झेपत नाही, ती ऑनलाइन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणतात. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या कंपनीचा शिक्का आणि घरबसल्या भरलेली डायरी यातून १२ श्रेयांक मिळाले, तर १८ पैकी दोनतृतीयांश कागदावरच उरतील.

जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, महापालिका, कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे, बाजार समित्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांना इंटर्न घेणारी ठिकाणे म्हणून मान्यता देणे हा त्यातला जवळचा पर्याय आहे. तिथे काम भरपूर आहे, माणसे कमी आहेत. मात्र विद्यार्थ्याला झेरॉक्स काढायला बसवले जाणार नाही, यासाठी महाविद्यालयातल्या कोणालातरी दर आठवड्याला तिथे जाऊन पाहावे लागेल आणि त्या फेऱ्या त्याच्या तासिकांच्या कार्यभारात मोजाव्या लागतील. आज त्या मोजल्या जात नाहीत.

निर्णय कोणाच्या हातात आहे?

संलग्न महाविद्यालयांसाठी कोणता विषय कोणत्या सत्रात ठेवायचा हे विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवतात. स्वायत्त महाविद्यालये ते स्वतः ठरवू शकतात, त्यांना कोणाची वाट पाहायची गरज नाही. क्षेत्रीय प्रकल्पाचे २ श्रेयांक खरिपाच्या सत्रात आले, तर जूनमध्ये पेरलेली तूर कापणीला येईपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन-चार वेळा तरी शेतात जाता येईल. ते उन्हाळी सत्रात गेले, तर पाहायला हरभऱ्याचे घाटे आणि पऱ्हाटीचे ढीग असतील.